वाचक विचारतात : गावच्या ओपन जिमचे पैसे कोण भरतं?

आमच्या गावात पारामागे ओपन जिम बसली. आता काही जण म्हणतात, वापरायची तर महिन्याला 50 रुपये द्या. सरकारी जिमला फी असते का?
– वाचक, दारव्हा तालुका (यवतमाळ)

सार्वजनिक पैशातून, सार्वजनिक जागेवर बसवलेली ओपन जिम फुकटच वापरायची असते. तिला ना दार, ना कुंपण. वसुलीला माणूस ठेवला तर त्याचा पगार जमा होणाऱ्या पैशाहून जास्त व्हायचा. ‘द्या’ म्हणणारे कोण, ते आधी बघा. ग्रामपंचायत असेल तर ठराव आणि छापील पावती मागा. मंडळ असेल तर ती वर्गणी झाली, म्हणजे ऐच्छिक. दुरुस्तीसाठी खुशीनं देण्यात काही गैर नाही, पण न देणाऱ्याला उठवता येणार नाही.

फलकावर आमदार साहेबांचं नाव आहे. सरपंच म्हणतात, आम्ही आणली. पैसा नेमका कुणाचा?
– वाचक, मोर्शी तालुका (अमरावती)

दोघंही आपापल्या परीनं खरं बोलत असतील. आमदार किंवा खासदार निधीतलं काम लोकप्रतिनिधी सुचवतात, मंजुरी जिल्हा प्रशासन देतं आणि जागा बहुतेक वेळा ग्रामपंचायतीची असते. याशिवाय जिल्हा वार्षिक योजना आहे, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यामार्फत मिळणारं व्यायामशाळा विकास अनुदान आहे आणि वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतीला मिळणारा निधी आहे. पंधराव्या वित्त आयोगात 2021-22 ते 2025-26 या काळात 60 टक्के पैसा बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच होता. जिमसाठी हात घालता यायचा तो उरलेल्या 40 टक्के अबंधितात. कुणी ‘पाण्याच्या पैशातून जिम आणली’ म्हणालं, तर तिथं थांबून विचारा.

वित्त आयोगाचं काम ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाच्या नावानं दिसतं. बाकीसाठी माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क 10 रुपये, प्रतीला पानामागे 2 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. ‘जिमची माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. अंदाजपत्रक, कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा लेखी आदेश), मोजमाप पुस्तिकेतली (झालेलं काम मोजून लिहायची वही) नोंद आणि अंतिम देयक (शेवटचं बिल), या चारच गोष्टींच्या प्रती मागा. देयकातले नग आणि जागेवरचे नग मोजून जुळवा. भाव ताडताना 18 टक्के जीएसटी आणि फाउंडेशनचा खर्च धरलाय का, तेही बघा.

दोन पावसाळ्यांत एअर वॉकर (उभं राहून पाय मागे-पुढे झुलवायचं साधन) कुरकुरायला लागला, चेस्ट प्रेसचा (बसून हातानं दांडे पुढे ढकलायचं साधन) खांब कलला. ठेकेदार फोन उचलत नाही. दुरुस्ती कुणी करायची?
– वाचक, आर्वी तालुका (वर्धा)

हे दोन वेगळे आजार आहेत. वॉकरचा पाय धरून आडवा हलवा. सांध्यात खेळ जाणवला तर बेअरिंग गेलं. खोलल्यावर त्याच्या कडेवर आकडा कोरलेला दिसेल, 6204 किंवा 6205 वगैरे. तोच आकडा तालुक्याच्या दुकानात सांगा, पण पुढे ‘2आरएस’ असलेलंच घ्या. त्याला दोन्ही बाजूंनी रबराचं सील असतं. ‘झेडझेड’वाल्याला नुसती पत्र्याची चकती असते, पावसाचं पाणी आत जातं. काम दोन-तीनशे रुपयांचं आणि तासाभराचं आहे. कुरकुर थांबावी म्हणून लोक डिझेल शिंपडतात. त्यानं आतलं ग्रीस पातळ होऊन वाहून जातं आणि बेअरिंग लवकर मरतं.

कललेला खांब मात्र जमिनीचा दोष आहे. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. खांबागणिक छोटा ठोकळा टाकला की तो दरसाल थोडा उचलला जातो. नट आवळून काही होणार नाही. साधन उतरवा, काळी माती अडीच-तीन फूट काढा, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुमसा. वर 1:1.5:3 चं (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट घाला, शक्यतो दोन-तीन साधनांखाली सलग. माथा जमिनीपेक्षा दोन इंच वर आणि उतरता ठेवा, नाहीतर बेसप्लेटपाशी (खांबाखालची लोखंडी पाटी) पाणी साचून बोल्ट गंजतील. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल आणि काम उन्हाळ्यात असेल तर 14 दिवस पाणी मारा. दुसऱ्याच दिवशी पोरं लटकू लागली की बोल्ट ढिले झालेच म्हणून समजा.

आता पैसे. कार्यादेशात दोषदायित्व कालावधी, म्हणजे बिघाड ठेकेदारानंच दुरुस्त करून द्यायची मुदत, लिहिलेला असतो आणि तोवर ठेकेदाराची अनामत अडकलेली असते. मुदत शिल्लक असेल तर फोन करत बसू नका. ग्रामपंचायतीकडून, ज्या कार्यालयानं काम काढलं त्यालाच लेखी पत्र जाऊ द्या, फोटो जोडून. मुदत संपली असेल तर भार ग्रामपंचायतीच्या स्वनिधीवर, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नावर येतो. खरी गोची इथंच आहे. जिम आणायला चार दारं आहेत, बेअरिंगला एकही नाही. हस्तांतर करून घेतानाच मालमत्ता नोंदवहीत नोंद करा आणि पुढच्या अंदाजपत्रकात ‘जिम दुरुस्ती’ अशी वेगळी ओळ ग्रामसभेत मागून घ्या.

लहान पोरं दिवसभर त्यावर खेळतात. चालेल का?
– वाचक, साकोली तालुका (भंडारा)

नको. युरोपात अशा साधनांसाठीचं ईएन 16630 हे मानक 140 सेंटीमीटरपेक्षा उंच माणसांसाठी आहे. आपल्याकडेही खांबावर तेवढ्या उंचीला रंगाची रेघ मारून ठेवा. वॉकरच्या पुढे-मागे पोरं उभी राहू देऊ नका, झोक्यासारखा लागतो. आणि मे महिन्यात दुपारी तर कुणीच बसू नये, लोखंडी सीट अक्षरशः तव्यासारखी तापते.