सोसायटीच्या पार्किंगमध्ये मारुती ८०० चं इंजिन घरच्या घरी काढता येईल का?

येईल. सोबत एक जाणता माणूस मात्र हवाच. खोलाखोलीपेक्षा मला काळजी वाटते ती तुमच्या दुसऱ्या प्रश्नाची: चेन ब्लॉक (वजन उचलायची साखळीची कप्पी) पार्किंगच्या छतातल्या पंख्याच्या हुकाला लावू का? कृपा करून लावू नका. तो हूक पंख्यापुरता असतो. गिअरबॉक्ससकट इंजिन त्याच्या कितीतरी पट भरतं. ड्रेनेजचा पाइप किंवा झाडाची फांदीही नको. पुण्यातल्या नाना पेठेत पार्ट आणायला जालच, तेव्हा इंजिन क्रेन भाड्याने कोण देतं तेही विचारून या. सोसायटीत पेव्हर ब्लॉक असतील तर खाली जाड प्लाय अंथरा. क्रेनची छोटी चाकं फटीत अडकली की लटकलेलं इंजिन झोका घेतं आणि मग ते हाताने आवरत नाही.

गाडी बेसमेंटमध्ये असेल तर आधी उघड्यावर आणा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खालीच साचते. एमपीएफआय मॉडेल (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारं) असेल तर फ्यूल पंपाचा फ्यूज काढून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. मग बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटर उघडा. कूलंट गोडसर आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात. थेंबन्‌थेंब डब्यात धरा. एसीचे पाइप सोडू नका, कॉम्प्रेसर बोल्टवरून मोकळा करून बाजूला बांधून ठेवा.

साखळी इंजिनच्या मूळ लिफ्टिंग हुकांनाच लावा. हूक नसतील तर ज्यांच्या डोक्यावर ८.८ ही मजबुतीची खूण कोरलेली आहे असे बोल्ट वापरा. नायलॉनचा दोर नको. माउंटिंग (इंजिन बॉडीला धरून ठेवणारे आधार) सोडण्याआधी साखळी ताणून घ्या. इंजिन दोन-तीन इंच उचललं की थांबा आणि टॉर्च घेऊन सगळीकडून बघा. गिअरबॉक्सवरून बॉडीला गेलेली अर्थिंगची पट्टी हमखास राहून जाते. काहीतरी अडतंय असं वाटलं तर जोर लावू नका, काय अडलंय ते शोधा. लटकलेल्या इंजिनखाली बोटसुद्धा घालायचं नाही, पडलेला नट काढायलाही नाही. बाहेर आलं की लगेच जुन्या टायरवर उतरवा.

तेच इंजिन दुरुस्त करून परत बसवणार असाल तर प्रश्न नाही. दुसरं बसवायचं असेल तर मात्र आधी आरटीओत परवानगीचं विचारा, आरसीवर नोंद लागते.