स्वादुपिंडाचा कॅन्सर : रोबो की दुर्बीण?

प्रश्न : वडिलांचं वय 64. कावीळ झाली म्हणून तपासण्या केल्या, तर स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात कॅन्सरची गाठ निघाली. एक सर्जन दुर्बिणीतून ऑपरेशन करू म्हणतात, दुसरे रोबोने. रोबोचा खर्च बराच जास्त आहे. तो सरस आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : रोबोमुळे कॅन्सर जास्त बरा होतो, असा ठोस पुरावा नाही. काढायचं ते दोन्हीकडे तेच. फरक पडतो जोडताना. या ऑपरेशनमध्ये, म्हणजे व्हिपलमध्ये, उरलेलं स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर आतड्याला पुन्हा जोडावं लागतं. स्वादुपिंडाची नळी कित्येकदा जेमतेम 2-3 मिमी असते. दुर्बिणीची नेहमीची सरळ हत्यारं मनगटासारखी वळत नाहीत, रोबोची वळतात. पण बहुतेक रोबोंत धाग्याचा ताण हाताला जाणवत नाही, तो डोळ्यांनीच जोखावा लागतो. जास्त ओढला की मऊ स्वादुपिंड चिरतं आणि पाचक रस गळतो.

खरी डोकेदुखी हीच गळती. हा रस शेजारची रक्तवाहिनी पोखरतो आणि ऑपरेशननंतर आठवड्या-दोन आठवड्यांनीही एकदम रक्तस्राव होऊ शकतो. ड्रेनमध्ये (पोटातला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीत) थोडंसं ताजं रक्त दिसलं तरी लगेच डॉक्टरांना सांगा, सकाळच्या राउंडची वाट पाहू नका.

नेदरलँड्समधली दुर्बीण विरुद्ध ओपन (म्हणजे पोट उघडून केलेल्या) व्हिपलची चाचणी मध्येच थांबवावी लागली : दुर्बिणीच्या गटात 50 पैकी 5 जण गुंतागुंतीमुळे दगावले, ओपनच्या गटात 49 पैकी 1. त्याआधी कोइमतूरच्या 64 रुग्णांच्या चाचणीत मात्र दुर्बिणीवाले 7 दिवसांत घरी गेले, ओपनवाले 13. तंत्र एकच, हात वेगळे. म्हणून दोन्ही सर्जनना विचारा : तुमच्याकडे अशा पद्धतीने वर्षाला किती व्हिपल होतात (20 पेक्षा कमी असतील तर ओपन बरं), किती जणांना गळती झाली, किती वेळा मध्येच पोट उघडावं लागलं, आणि असा रक्तस्राव शोधून थांबवायला रात्री-अपरात्री अँजिओग्राफी होते का? आरोग्यविम्यात रोबोसाठी वेगळी मर्यादा असू शकते, तीही पाहून घ्या.

प्रश्न : आईची गाठ शेपटाकडे आहे. तिलाही हेच लागू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. इथे आतड्याला काही जोडायचं नसतं, त्यामुळे सरावलेल्या हातांत साधी दुर्बीण पुरते. कॅन्सरमध्ये सहसा प्लीहाही काढतात आणि तिच्याविना काही जंतूंचा संसर्ग जास्त धोक्याचा ठरतो, म्हणून न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी) या जंतूंवरच्या लशी शक्यतो ऑपरेशनच्या 2 आठवडे आधी घ्यायला हव्यात. हे डॉक्टरांना आठवणीने विचारा.