टीबीच्या रुग्णाच्या पायात रक्ताची गुठळी झाली, तर टीबीच्या गोळ्या थांबवाव्यात का?

नाही. आणि जो कोणी थांबवा म्हणतोय, त्याच्या हाती वडिलांच्या गोळ्यांचं पाकीट लागू देऊ नका.

तुम्ही लिहिलंय की वडिलांना फुप्फुसाचा टीबी आहे, औषधं सुरू होऊन महिना होत नाही तोच पोटरी सुजली आणि डॉपलरमध्ये, म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीत, गुठळी निघाली. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, पण आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं ते सांगणारा तपासणीतला आकडा, वाढतच नाही. घरचे म्हणतात टीबीच्या गोळ्या बंद करा, आणि तुम्हाला विचारायचंय की हे असं किती दिवस चालणार. घरच्यांचं हे वाक्य मी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलेलं आहे, म्हणून लिहायला बसले.

आम्ही नागपुरात सक्करदऱ्याला राहतो. माझे मिस्टर मोटर वाइंडिंगचं काम करतात. त्यांचा टीबी मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, निघाला, गोळ्या सुरू झाल्या, ताप उतरला, खोकला कमी झाला, आणि मग डावा पाय दुखायला लागला. एका खासगी दवाखान्यात पायाला हातही न लावता बी-कॉम्प्लेक्स आणि दुखण्याची गोळी लिहून मिळाली. मी ब्लाउज शिवते. घरी आल्यावर टेप काढली आणि दोन्ही पोटऱ्या गुडघ्याखाली सारख्याच अंतरावर मोजल्या. उजवी ३३.५ सेंटिमीटर, डावी ३८. दोन पोटऱ्यांत ३ सेंटिमीटरहून जास्त फरक असला की डॉक्टरही गुठळीचा संशय घेतात, हे मला नंतर कळलं. पण एकाच माणसाच्या दोन पायांत एवढा फरक नुसतं झोपून राहिल्यानं पडत नाही, एवढं माप घेणाऱ्या बाईला समजतं.

त्याच संध्याकाळी माझे भासरे, म्हणजे मिस्टरांचे मोठे भाऊ, मालिशवाल्याला घेऊन आले. आमच्याकडे भासरे भावजयीशी थेट बोलत नाहीत, मध्ये सासूबाई लागतात. "आई, तिले सांग, जवसाचं तेल गरम कर. पाय आखडला त्याचा, चोळला का मोकळा होते." मी म्हटलं, "आई, भाऊजींना सांगा, सोनोग्राफी झाल्याशिवाय या पायाला कोणी हात लावणार नाही." मालिशवाला चहा पिऊन परत गेला. भासऱ्यांनी ते आजवर मनात ठेवलंय. दुसऱ्या दिवशीच्या डॉपलरमध्ये गुठळी पोटरीतून मांडीच्या शिरेपर्यंत चढलेली होती. असा पाय चोळला तर गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊन अडकू शकतो, आणि माणूस बसल्या जागी जातो.

टीबीनं गुठळी होते का? होते. टीबीची सूज नुसती छातीत राहत नाही. लिव्हर रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन जास्त बनवायला लागतं, प्लेटलेट वाढतात, आणि रक्ताला गोठू न देणारी प्रोटीन सी, अँटिथ्रोम्बिन ही शरीराची स्वतःची प्रथिनं कमी पडतात. त्यात माणूस अशक्त, दिवसभर खाटेवर. कधी टीबीच्या गाठीच शिरेवर दाबतात. पायातच होते असं नाही, मेंदूच्या शिरेत होते, पोटाच्या टीबीत लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेत होते. आणि टीबीचे उपचार नीट चालले की रक्तातला हा बिघाड साधारण महिन्याभरात सुधारायला लागतो. म्हणजे गुठळी ज्या कारणानं झाली, त्या कारणावरचं औषध टीबीची गोळीच आहे. हेच मी घरी घसा कोरडा करून सांगत होते.

आता आयएनआर. आमच्याकडे आधी पोटात रक्त पातळ करायची इंजेक्शनं दिली, मग एसिट्रॉम ही त्याच कामाची गोळी सुरू झाली. आयएनआर २ ते ३ हवा होता, आणि गोळी वाढवत नेली तरी रिपोर्ट १.३, १.४. भासरे म्हणाले, "दोन बिमारीच्या गोळ्या पोटात भांडून राहिल्या. खोकला तं गेला ना? टीबीच्या बंद करून टाका." गोळ्यांचं पटत नाही हे खरं आहे, फक्त माघार कोणी घ्यायची ते त्यांनी उलटं सांगितलं. टीबीच्या गोळीतलं रिफाम्पिसिन लिव्हरला जास्त कामाला लावतं आणि एसिट्रॉम किंवा वॉर्फरिन भराभर मोडून बाहेर काढायला लावतं. म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा डोस वाढवतात, वॉर्फरिनचा कधी कधी नेहमीच्या दुप्पट-तिप्पट किंवा त्याहूनही जास्त लागतो, आणि तोवर इंजेक्शन चालू ठेवतात, कारण इंजेक्शनवर रिफाम्पिसिनचा असा परिणाम होत नाही. खोकला गेला म्हणून टीबीची गोळी मध्येच सोडणं म्हणजे औषधाला दाद न देणारा टीबी घरात आणणं.

कोणी तुम्हाला रिव्हारोक्साबान, अपिक्साबान सुचवेल. रक्त पातळ करायच्या नवीन गोळ्या, आयएनआर तपासायची कटकट नाही. आमच्या एका चुलत दिरानं फोनवर त्याचा फोटोच पाठवला होता. रिफाम्पिसिन त्यांचाही असर बराच कमी करतं, आणि तो कमी झाला हे आयएनआरमध्ये दिसतही नाही. टीबीच्या औषधांबरोबर त्या देणं टाळतात.

खरा धोका मात्र टीबीचा कोर्स संपतो तेव्हा असतो, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. त्या दिवशी घरात पेढे येतात. रिफाम्पिसिन बंद होतं, लिव्हर दोन-तीन आठवड्यांत हळूहळू पूर्वपदावर येतं, आणि वाढवलेली एसिट्रॉम तशीच चालू राहिली तर रक्त नको तितकं पातळ होतं. आमची टीबीची आणि गुठळीची ओपीडी वेगळी, कागद वेगळे. मी दोन्ही फाइली एका पिशवीत घालून दोन्हीकडे न्यायची आणि टेबलावर शेजारी शेजारी उघडून ठेवायची. कोर्स संपायच्या आधीच विचारून ठेवलं होतं की नंतर तपासणी कधी कधी करायची. दर आठवड्याला, असं उत्तर मिळालं. तिसऱ्या आठवड्यात आयएनआर ४.८ आला. दात घासताना बेसिनमध्ये गुलाबी पाणी दिसत होतं. डोस त्याच दिवशी कमी झाला आणि पुढे काही झालं नाही.

किती दिवस, हे तुमचे डॉक्टरच सांगतील. साधारण तीन महिने तरी, आणि टीबी असताना बरेचदा कोर्स संपेपर्यंत. आमच्याकडे गुठळी मांडीपर्यंत गेलेली होती म्हणून औषध पुढेही चाललं.

मी डॉक्टर नाही, हे आधीच लिहायला हवं होतं. थुंकीत रक्त आलं, एकदम दम लागला, छातीत कळ आली, तर हे उत्तर वाचत बसू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा. अंगावर बारीक लाल ठिपके उठले किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दाखवा. रिफाम्पिसिननं क्वचित प्लेटलेट पडतात किंवा लिव्हरला त्रास होतो, आणि तेव्हा मात्र डॉक्टर स्वतः ते औषध थांबवतात. थांबवायचा अधिकार त्यांचा, घरच्यांचा नाही. लघवी नारिंगी होते ती रिफाम्पिसिनमुळे, पण रक्त पातळ करायची गोळी चालू असताना तेवढ्यावर निर्धास्त राहू नका, रंग गडद लाल वाटला तर तपासून घ्या. मेडिकल स्टोअरमधून दुखण्याची गोळी आणू नका, रक्त पातळ असताना तिनं रक्तस्राव होऊ शकतो. मेथी-पालकातल्या व्हिटॅमिन केमुळे आयएनआर खाली-वर होतो, म्हणून त्या भाज्या बंद करू नका, पण एक आठवडा रोज आणि एक आठवडा मुळीच नाही असंही करू नका.

मिस्टरांचा डावा पाय अजून संध्याकाळी जड होतो. दिवाळीला सगळे जमले तेव्हा भासरे पुन्हा सासूबाईंना म्हणाले, "तेव्हा चोळू देल्ला असता तं आज हे झालं नसतं." ही सूज गुठळीनं शिरेतल्या झडपा खराब केल्या म्हणून येते, तेल न लावल्यामुळे नाही. तुमच्या वडिलांनाही असं होऊ शकतं. तेव्हा पायाचं माप देऊन दाबाचे मोजे घ्यायचे का, हे पुढच्या भेटीत विचारा, आणि त्या भेटीला दोन्ही फाइली न्या.