आधी नेक बघ

प्रिय पोरी,

तुझा तक्ता बघितला. एकीकडे नवी घ्यायची म्हणून फेंडरची अमेरिकन जॅझ बेस गिटार, एकीकडे तुझ्या हातातली त्यांचीच स्वस्तातली स्क्वायर आणि तिच्यात बदलायच्या भागांची यादी: पिकअप, ब्रिज, चाव्या, पॉट, प्रीअ‍ॅम्प. प्रत्येकापुढे किंमत, खाली बेरीज, वर रंगसुद्धा भरलेत. आयटीत गेलीस ते दिसतं. पण सगळ्यात शेवटी जी ओळ लिहिलीयस ना, "काका, कुठेही पैसे घातले तरी पस्तावणारच असं वाटतंय", ती वाचली आणि लिहायला बसलो. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच "पण काका" म्हणाली असतीस.

आता मला सांग, एवढ्या रकान्यांत नेकचा, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या लांब लाकडी मानेचा, रकाना कुठाय?

पिकअप, म्हणजे तारांची कंपनं उचलणारी चुंबकं, बदलता येतात. ब्रिज, तारांची खालची टोकं अडकतात तो, पाच स्क्रूंवर बसतो, काढला की निघाला. पॉट म्हणजे आवाजाचे नॉब, जॅक, वायरिंग यांचं सामान बुधवार पेठेत एका फेरीत मिळतं आणि डाग द्यायला मी आहे. नेकचं तसं नाही. चार तारा मिळून त्या लाकडाला सत्तर-ऐंशी किलोच्या ताणानं ओढत असतात. तू वाजव नाहीतर पलंगाखाली टाक, ताण चालूच. वर आपला पावसाळा, मग ऑक्टोबर, मग मार्चची कोरडी हवा. हे सगळं सोसून जो नेक सरळ राहतो, किंवा ट्रस रॉडला, म्हणजे नेकच्या आतल्या बाक काढायच्या सळईला, पाव वेढा दिला की निमूट सरळ होतो, त्याच्यावर पैसे घाल. तो दहा हजारांच्या बेसवर असो की दोन लाखांच्या.

तू म्हणशील, नेकही स्क्रूवरच असतो की. असतो. लिओ फेंडरनं १९५१ साली प्रिसिजन बेस काढला तेव्हापासून असतो. तो माणूस रेडिओ दुरुस्त करणारा, त्यामुळे खराब झालेला भाग काढून दुसरा लावता आला पाहिजे हा त्याचा खाक्या. पण चांगला सुटा नेक घ्यायला जा, तुझ्या अख्ख्या स्क्वायरएवढे पैसे मोजशील, शिवाय तो बॉडीच्या खाचेत नीट बसेलच असं नाही. मग काय घेतलंस? नेकच घेतलास ना?

म्हणून आज रात्री एक काम कर. बेस हातात घे, ब्रिजच्या टोकाकडून नेकच्या कडेवरून एका डोळ्यानं बघ, सुतार फळी बघतो तसं. जाड ई तारेकडची कड आणि बारीक जी (G) तारेकडची कड, दोन्ही सारख्या दिसतायत का? एक कड खाली झुकलीय आणि दुसरी सरळ आहे असं दिसलं तर नेक पिळलाय. ट्रस रॉडनं बाक निघतो, पीळ निघत नाही. हे दुकानात कुणी सांगत नाही. मग पहिल्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या पहिल्या आडव्या धातूच्या पट्टीवर, कॅपोचा चिमटा लाव, नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर तार दाब आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट राहते ते बघ. साधारण ०.३ मिलिमीटर हवी. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं की झालं. फट फार असली किंवा अजिबातच नसली तरी घाबरू नकोस, ते रॉडनं जमतं. रॉडला मात्र हात लावू नकोस. यूट्यूब बघून जोर लावशील आणि मग तुझ्या तक्त्याचा प्रश्नच मिटेल.

आणखी एक. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर वाजव आणि सोडून दे. कुठेतरी एक सूर बाकीच्यांच्या आधीच मान टाकेल. त्याला डेड स्पॉट म्हणतात. तारेची कंपनं नेकच खाऊन टाकतो, म्हणून होतं. महागड्या बेसलाही होतं. काही बेसच्या नेकमध्ये ग्रॅफाइटच्या पट्ट्या घालतात, त्यानं नेक ताठ राहतो, पण म्हणून डेड स्पॉट नसेलच अशी खात्री नाही. दुकानातल्या त्या अमेरिकन सुंदरीवर हा प्रयोग केलास का? नाही केलास. वीस मिनिटं वाजवलीस आणि "काय आवाज आहे काका" असा मेसेज टाकलास. तो आवाज त्यांच्या अ‍ॅम्पचा होता गं. मोकळी ई तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. तुझ्या खोलीतल्या छोट्या अ‍ॅम्पमधून ती नीट बाहेरच पडत नाही, मग बेस कुठलीही असो.

मला माहितेय आता तू जेमरसनचं नाव काढणार. मागच्या वेळीही काढलं होतंस. जेम्स जेमरसननं अमेरिकेतल्या मोटाउन कंपनीची एवढी गाणी एका १९६२च्या प्रिसिजनवर वाजवली, तारा कधी बदलायचा नाही, त्याच्या बेसचा नेक वाकलेला होता असं सांगतात, दुसऱ्या कुणाला ती वाजवता येईना, आणि त्याला वाटायचं की आवाज त्यामुळेच येतो. बरं. तो एका बोटानं वाजवायचा, एका! तू आधी दोन बोटांनी एका मात्रेत चार सूर समान काढ, मग वाकलेल्या नेकचं कौतुक करू. तो दुसरा बेसवाला, जॅको पास्टोरियस, त्याचंही नाव नको. त्यानं जॅझ बेसच्या नेकवरचे फ्रेट काढून खाचा भरल्या आणि वरून बोटींना लावतात तसलं इपॉक्सी चढवलं. म्हणजे त्यानंही पैसा आणि मेहनत कुठे घातली? नेकवर.

नेक चांगला निघाला तर तुझी यादी उलटी कर. तारा आधी, मग सेटअप, म्हणजे तारांची उंची वगैरे जुळवून घेणं, मग नटच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाच्या पट्टीच्या, खाचा नीट करून घेणं, फ्रेटची टोकं घासून घेणं. उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि तीच टोकं बोटांना टोचतात. तुझ्या तर्जनीच्या कडेला जे ओरखडे आहेत ना, ते सरावाचे नाहीत, त्या टोकांचे आहेत. मग आतल्या खाचेत तांब्याची पट्टी लावून शिल्डिंग. गणपतीत जनरेटरवर वाजवताना जी गुणगुण येते तिच्यापैकी बरीच तिथे कमी होईल. बाकीची अर्थिंगची, तिला बेसमध्ये काही करून उपयोग नाही. पिकअप सगळ्यात शेवटी, तेही सहा महिने वाजवून झाल्यावर वाटलंच तर. आणि सुटे भाग घालून बेस विकायला काढशील तर त्या भागांचे पैसे परत येत नाहीत, हे तुझ्या तक्त्यात धरलेलं नाहीस. स्वतः वाजवणार असशील तरच घाल.

नेक पिळलेला निघाला तर एक रुपया घालू नकोस त्या बेसवर. पाया खचलेल्या घरात ग्रॅनाइटचा ओटा कोण बसवतं?

मी हे इतक्या ठासून का सांगतो, तर ऐक. आमच्या वेळी परदेशी बेस दुकानात जाऊन घ्यायची सोयच नव्हती. जहाजांवर नाहीतर हॉटेलांतल्या बँडमध्ये वाजवणारे गोवेकर वादक बाहेरून आणत, ती हातोहात फिरत. पंचमदांकडे टोनी वाझ बेस वाजवायचे, त्यांच्या ओळी कॅसेट मागेपुढे करून आम्ही शिकलो. त्यांनी कुठला पिकअप वापरला हे आमच्यातल्या कुणालाही ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून काही अडलं नाही. तर अशाच एका जहाजावरच्या वादकानं सत्तरच्या दशकातली जॅझ बेस विकायला काढली. सनबर्स्ट, रंग उडालेला, हातात घेतली की खाली ठेववत नव्हती. पैसेही जुळवले होते. मी नेकवरून नजर टाकली, पीळ होता. थोडासा, पण होता. नाही घेतली.

आमच्यातल्याच एकानं घेतली आणि वर्षानुवर्षं वाजवली. आज त्या काळातल्या बेसना काय भाव आहे तो तू तुझ्या तक्त्यात टाकू शकतेस. अजूनही कार्यक्रमाला भेटला की तो मला हळूच विचारतो, "नेक कसा आहे रे तुझा?" हसू दे. बाराव्या फ्रेटच्या वर त्याला जी तारेवर एक सूर स्वच्छ काढता येत नाही, तिथे तो वाजवतच नाही, खालीच खेळत राहतो. ते काय वाजवणं झालं? मी बरोबर होतो. त्या बेसचा आवाज विसरलो असं मी म्हणत नाहीये, नेकबद्दल बोलतोय.

आणि माझी बेस बघितलीयस तू. कोलकात्याची बॉडी, प्लायवूडची, कोपऱ्यावर थर सुटलेत. पिकअप, चाव्या, ब्रिज, सगळं वेगवेगळ्या बेसचं. "काका, आता तरी एक चांगली घ्या" हे मी तुझ्या आईकडूनसुद्धा ऐकलंय. परवडत नाही म्हणून घेत नाही असं सगळ्यांना वाटतं. वाटू दे. तिचा नेक मी श्रावणातही बघतो आणि मार्चमध्येही, पाव वेढ्याच्या वर रॉड फिरवावा लागत नाही. असा नेक लाखांतल्या बेसवरही मिळेलच असं नाही, मग बदलू कशासाठी?

तेव्हा अमेरिकन घ्यायची तर घे, मी आड येणार नाही. साठवलेले पैसे तुझे आहेत. पण जी घेशील तीच हातात धरून, तीच बघून घे. त्याच मॉडेलची दुसरी खोक्यातून काढून देतो म्हणाला तर खोकं तिथेच उघडायला लाव. ऑनलाइन तर अजिबात नको, मग पाच टक्के सूट असो की पंधरा. "स्टॉक संपतोय मॅडम" म्हणाला तर संपू दे.

रविवारी सकाळी तुझी स्क्वायर घेऊन ये. तोवर अ‍ॅडव्हान्स भरू नकोस. येताना ४५-१०५ जाडीचा तारांचा सेट आण, माझ्याकडचे संपलेत, आणि जुन्या तारा काढून आणू नकोस. ताणाखाली नेक कसा उभा राहतो तेच तर बघायचंय. दहाच्या आत ये, साडेदहाला लाइट जातात.

तुझा,
काका