अर्धी गाडी, पूर्ण किंमत

"बरीच वर्षे मी एक किट कार बांधतो आहे. ती माझ्या हातून पूर्ण होईल असे आता वाटत नाही. विकायला काढली की गिऱ्हाईक येते, बघते आणि निघून जाते. घरात यावरून सतत कुरबुर चालते. विकावी की ठेवावी, एवढेच सांगा." पन्नाशी उलटलेल्या एका गृहस्थांनी समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत माझ्यापुढे मांडलेला हा प्रश्न. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. गाडीच्या जागी रखडलेला प्रबंध किंवा अर्धवट सोडलेले घराचे बांधकाम असलेली माणसेही माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून हा अनुभव येथे मांडते आहे.

किट कार म्हणजे सुट्या भागांचा संच घेऊन आणि बहुधा एखाद्या जुन्या गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स वगैरे काढून घेऊन स्वतः उभी करायची गाडी. यांची गाडी लोटस सेव्हनच्या धर्तीवरची होती. १९५७ साली आलेली ती छोटी, उघडी, दोन आसनी गाडी सुट्या भागांच्या रूपातही मिळत असे आणि तिच्यासारख्या गाड्या हौशी माणसे आजही बांधतात.

दुसऱ्या भेटीला त्यांच्या पत्नीही आल्या. त्यांची तक्रार मला वाटली होती तशी खर्चाची किंवा अडलेल्या जागेची नव्हती. त्या म्हणाल्या, "गाडीचे मला काही नाही. पण सुट्टी आली की हे उत्साहाने गॅरेजमध्ये जातात आणि तासाभरात चिडून बाहेर येतात. मग तो दिवस आमचा सगळ्यांचाच जातो."

किंमत कशी ठरवली, असे विचारल्यावर गृहस्थांनी हिशेबाची वही पुढे केली. सगळ्या पावत्यांची बेरीज आणि त्यावर स्वतःच्या श्रमांचा थोडा मोबदला, असा तो आकडा होता, आणि तो त्यांना अगदी न्याय्य वाटत होता. वस्तू आपल्या मालकीची झाली की आपण तिची किंमत चढी लावतो, हे कानमन, क्नेच आणि थेलर या संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत साध्या कॉफीच्या मगांवर दाखवले होते. कॉफीचा मग विकणाऱ्यांना हवी असलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. स्वतःच्या हातांनी जोडलेल्या वस्तूंबाबत नॉर्टन, मोकॉन आणि अरिएली यांचा २०१२ चा अभ्यास याहून रंजक आहे. लोक अशा वस्तूला जास्त मोल देतात खरे, पण काम अर्धवट राहिले तर ते जास्तीचे मोल उरत नाही, असे त्यांना आढळले. मग या गृहस्थांच्या अर्धवट गाडीला इतके मोल कोठून आले? माझ्या मते, ते किंमत सांगत होते ती मनातल्या पूर्ण झालेल्या गाडीची, आणि गिऱ्हाईक पाहत होते ते गॅरेजमधला सांगाडा आणि शेजारची खोकी.

मी त्यांना विचारले, "उद्या एखाद्याने घासाघीस न करता तुमचा आकडा मान्य केला तर?" ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "तर मला वाटेल की मी कमी सांगितली." हे ऐकून त्यांच्या पत्नी हसल्या आणि थोड्या वेळाने तेही हसले. चढी किंमत ही त्यांची गाडी न विकण्याची रीत होती, हे त्यानंतर मला वेगळे सांगावे लागले नाही.

ती विकायची का नव्हती, याचे उत्तर हळूहळू बाहेर आले. निवृत्तीनंतर याच गाडीतून फिरणार, असे त्यांनी मित्रांना, सहकाऱ्यांना, नातेवाइकांना सांगून ठेवले होते. हाती घेतलेले काम सोडणारा माणूस आपण नाही, ही त्यांची स्वतःबद्दलची जुनी समजूत होती आणि गाडी विकणे म्हणजे त्या समजुतीवर फुली मारणे होते. त्यात गेलेल्या पैशाची ओढही होतीच. आर्केस आणि ब्लुमर यांनी १९८५ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, एकदा खर्च झालेला पैसा परत मिळणार नसला तरी पुढच्या निर्णयाला धरून ठेवतो. म्हणून अशा वेळी मी झालेला खर्च बाजूला ठेवायला लावणारा एक प्रश्न विचारते: आज आहे त्या अवस्थेत ही गाडी कोणी तुम्हाला फुकट दिली, तर उरलेले काम तुम्ही हाती घ्याल का? याचे उत्तर मनापासून 'हो' आले, तर गाडी विकू नये. उरलेल्या कामाची आखणी करावी आणि अवघड भागासाठी मदत घ्यावी.

यांचे उत्तर तसे आले नाही. चॅसिसचे म्हणजे गाडीच्या सांगाड्याचे वेल्डिंग, इंजिन बसवणे, सस्पेन्शन जुळवणे याबद्दल बोलताना त्यांचे हात हवेत फिरत होते, आणि वायरिंग, आतली सजावट व रस्त्यावर उतरवण्याच्या मंजुरीची कागदपत्रे यांचा विषय निघताच ते खुर्चीत मागे सरकले. ज्या कामाची त्यांना आवड होती, ते काम केव्हाच पूर्ण झाले होते. उरले होते ते त्यांना कधीच करायचे नव्हते. हे माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा त्यांना स्वतःला दिसणे आवश्यक होते, म्हणून मी त्यांना गाडीची आजची स्थिती, विशेषणे न वापरता, लिहून आणायला सांगितले.

पहिल्या मसुद्यात "वायरिंग जवळजवळ पूर्ण" असे होते. जवळजवळ म्हणजे काय, हे विचारत गेल्यावर निघाले ते असे की दिव्यांच्या वायरी ओढलेल्या आहेत, डॅशबोर्डमागच्या वायरींवर कोणतीच खूण नाही आणि फ्यूज बॉक्स जोडलेला नाही. दुसऱ्याने अर्धवट केलेल्या वायरिंगला घेणारा न उघडलेल्या संचापेक्षा जास्त घाबरतो, कारण ते आधी उकलावे लागते. "टायर नवे" असेही लिहिले होते. ते वापरलेले नव्हते हे खरे, पण टायरच्या बाजूवरचे चार आकडे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात आणि ते वर्ष बरेच जुने होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे वर्षानुवर्षे पडून राहिलेली ब्रेकची यंत्रणा तपासावी लागणार, हेही त्यांनी स्वतःच पुढे जोडले. दुसरा मसुदा आणताना त्यांच्याबरोबर मूळ गाडीची कागदपत्रे, भागवार लावलेल्या पावत्या आणि कामाच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो होते. त्या फोटोंतले वेल्डिंग दाखवताना त्यांच्या बोलण्यात मला प्रथमच निव्वळ अभिमान ऐकू आला.

नवी किंमत त्यांनी उरलेल्या कामावरून ठरवली आणि किती खाली उतरायचे ते पत्नीशी बोलून आधीच ठरवले. भाग सुटे विकले असते तर एकूण रक्कम कदाचित जास्त आली असती, पण चॅसिस गॅरेजमध्येच राहिले असते, म्हणून त्यांनी गाडी एकत्रच विकली. पावत्यांच्या बेरजेपेक्षा पुष्कळच कमी पैसे आले आणि त्याचे त्यांना काही आठवडे वाईट वाटत राहिले; ते वाटणारच होते आणि त्यावर काही उपाय करण्याची गरज मला वाटली नाही. वेल्डिंगचे सामान मात्र त्यांनी ठेवून घेतले. नेणाऱ्या तरुणाला त्यांनी आपला नंबर दिला आणि बजावले की वायरिंग सोडून काहीही विचार.