फोर्टमधल्या जुन्या दगडी इमारतीत दुकान घेतलंय. बाहेर एसीपी (ॲल्युमिनियम-प्लास्टिकचं शीट) आणि एलईडी बोर्ड लावायला कोणाची परवानगी लागते?

तुम्ही लिहिलंय की तळमजल्यावर चष्म्यांचं दुकान भाड्याने घेतलंय, आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "दर्शनी बाजू एसीपीने झाकू, वर एलईडीचा बोर्ड ठोकू, परवानगीचं मागाहून बघू, सगळे असंच करतात." मी आर्किटेक्ट आहे, याच भागातल्या दुकानांची कामं करते. माझं ऐकाल तर कॉन्ट्रॅक्टरला आजच थांबवा. शीटची ऑर्डर गेली असेल तर तीही थांबवा.

सगळ्यात आधी इमारतीचे डीपी रिमार्क्स, म्हणजे विकास आराखड्यातल्या तिच्याबद्दलच्या नोंदी, काढा. महापालिकेच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. इमारत वारसा यादीत आहे का, असेल तर कोणत्या श्रेणीत, की स्वतः यादीत नसली तरी वारसा परिसरात मोडते, हे त्यातून कळतं. पुढचं सगळं यावर ठरतं. मुंबईत वारसा नियम 1995 मध्ये आले. आता ते विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2034 मधल्या 52 व्या नियमात आहेत. यादीतल्या इमारतीत आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय फेरफार चालत नाही, आणि फेरफारात डागडुजी, गिलावा, अगदी रंगकामसुद्धा धरलेलं आहे. अशा प्रकरणात आयुक्त मुंबई वारसा जतन समितीचा सल्ला घेतात. दगडी कमान शीटखाली गाडणं अशा परवानगीत बसूच शकत नाही.

बोर्डाचा परवाना ही वेगळी गोष्ट आहे. महापालिका अधिनियमाच्या 328 अ कलमात एक फरक आहे, तो बहुतेक दुकानदारांना कोणी सांगतच नाही. ज्या जागेत धंदा चालतो, त्याच जागेवर त्या धंद्याचा बोर्ड असेल, तो प्रकाशित नसेल आणि आकाशचिन्हही नसेल, तर या कलमाखाली परवानगी लागत नाही. आतून दिवा लावलेला बोर्ड केलात की परवाना आला, फी आली, नूतनीकरण आलं. आकाशचिन्ह म्हणजे इमारतीच्या वर उभा केलेला, रस्त्यावरून पाहिलं तर आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारा फलक. तो तुम्हाला नकोच आहे. पण लक्षात ठेवा, ही सूट फक्त जाहिरात परवान्यापुरती. वारसा परवानगी लागत असेल तर साधा रंगवलेला बोर्डही तिच्या कक्षेत येतो, कारण यादीतल्या इमारतींवर आणि वारसा परिसरांत फलकांना राष्ट्रीय इमारत संहितेच्या दहाव्या भागाची चौकट लावलेली आहे.

परवान्यासाठी रिझर्व्ह बँकेजवळच्या ए वॉर्ड ऑफिसात अनुज्ञापन खातं गाठा. जाताना मालकाची एनओसी हवीच. पागडीच्या इमारतीत बाहेरची भिंत भाडेकरूची नसते, त्यामुळे भाडेकरूने दुकान पुढे दिलं असेल तर त्याची सही पुरत नाही. मोठा फलक असेल तर स्थैर्याचा दाखला काढून ठेवा. 13 मे 2024 ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली. महापालिकेची कमाल मर्यादा 40 बाय 40 फुटांची असताना ते 120 बाय 120 फुटांचं होतं. तेव्हापासून अधिकारी लोखंडी फ्रेम, अँकर आणि वजन यांबद्दल बारकाईने विचारतात, आणि ते योग्यच आहे.

आता भिंतीबद्दल, कारण माझा जीव तिथे अडकतो. तुमची इमारत मालाडच्या पिवळसर दगडाची असण्याची शक्यता आहे. एसीपीसाठी एमएसची (साध्या पोलादाची) फ्रेम लागते, फ्रेमसाठी दगडात भोकं पडतात. पावसाचं पाणी शीटमागे शिरतं, वाळत नाही, खिळे गंजतात आणि गंज फुगून दगडाचे टवके काढतो. दादाभाई नौरोजी रोडजवळच्या एका दुकानाचं जुनं शीट आम्ही उतरवलं, तेव्हा आत अख्खी कमान निघाली. वरच्या अर्धवर्तुळात पंख्यासारख्या लाकडी पट्ट्या, दोन काचा अजून शाबूत, आणि मधल्या कळीच्या दगडात ग्राइंडरने कापलेली सरळ खाच, फ्रेम बसावी म्हणून. ती खाच आता भरून निघत नाही. गवंडी तासभर तिच्यावरून नुसता बोट फिरवत होता.

त्याच रस्त्याने मार्गही दाखवला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या इमारतींना पादचाऱ्यांसाठी कमानींची सलग पडवी ठेवायला लावली होती, म्हणून शैली वेगवेगळ्या असूनही रस्ता एकसंध वाटतो. शंभर वर्षांनी बोर्डांनी तो झाकून गेला, तेव्हा वारसा जतनाचं काम करणाऱ्या आर्किटेक्ट आभा नारायण लांबा यांनी तिथल्या फलकांसाठी नियम आखले. साधी गोष्ट होती. बोर्ड कमानीच्या आत बसवायचा, कमानीवर नाही. दुकानदारांना सोबत घेऊन ते झालं. तुम्हीही आधी कमानीच्या आतलं माप घ्या आणि त्या मापात बोर्ड करा. फिक्सिंग शक्यतो लाकडी चौकटीत करा. दगडावर जाणं भागच असेल तर सांध्यातल्या चुन्यात, दगडात कधीच नाही.

दिवे लावायचेच असतील तर पेटीसारखा ग्लो साइन टाळा. सुटी पितळी किंवा स्टीलची अक्षरं, मागून मंद उजेड, 2700 ते 3000 केल्विन (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा). पिवळा दगड 6500 केल्विनच्या पांढऱ्या एलईडीखाली राखाडी, आजारी दिसतो. 2015 मध्ये मरीन ड्राइव्हवर सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा केवढा गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि शेवटी पिवळसर उजेड परत आणावा लागला. उजेडाच्या रंगाने मुंबईकर चिडतात, आणि मला त्यांचं पटतं. टायमर लावा. वरच्या मजल्यावर कोणी राहत असेल तर दुकान बंद झाल्यावर बोर्ड विझलेला बरा.

नाव मराठीत, देवनागरीत हवं, हे तुम्हाला माहीत असेलच. दुकाने व आस्थापना कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही ते लागू आहे. मराठी नाव सुरुवातीला, आणि त्याची अक्षरं दुसऱ्या कुठल्याही लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली, तीही केव्हाच संपली. डिझायनरला एक सांगा. वेलांट्या आणि उकारांना जागा लागते, म्हणून दोन्ही लिप्यांना पट्टी एकाच उंचीची दिली तर देवनागरी अक्षराचा गाभा बारीक होतो. देवनागरीला उंच पट्टी द्या.

क्रम असा ठेवा: रिमार्क्स, मालकाची एनओसी, लागत असेल तर वारसा परवानगी, मग बोर्डाचा परवाना, आणि त्यानंतरच फॅब्रिकेटरला ॲडव्हान्स. वारसा परवानगीच्या अर्जाला दर्शनी बाजूचे आत्ताचे फोटो आणि मापांसह नकाशा जोडा, बोर्ड कमानीत कसा बसतो हे त्यात स्पष्ट दिसू द्या. रिमार्क्समध्ये काय निघालं ते इथे लिहा. श्रेणी कळली की अर्जात नेमकं काय मांडायचं ते सांगते.