जुन्या जीपला मागं सेल्फ-ॲडजस्ट ब्रेक टाकावे की मॅन्युअलच राहू द्यावे?

भाऊ, तुम्ही लिहिलं की गाडी जुनी सीजे-३बी आहे, शेतात चालते, अन् मेकॅनिक म्हणते की मागच्या प्लेटा (ड्रमच्या मागची तबकडी, जिच्यावर ब्रेक बसते) बदलून सेल्फ-ॲडजस्टवाल्या टाकू म्हणजे पुन्हा पाहाच नाही लागणार. माझं म्हणणं, नका टाकू. आमच्याकडं परतवाड्याच्या बाजूनं अशा जीपा अजून चालतात अन् त्यांच्या ब्रेकचं काम मी करतो, म्हणून सांगतो.

सेल्फ-ॲडजस्टर म्हणजे लायनर (ड्रमले आतून घासून चाक थांबवणारी पट्टी) झिजला की त्याले आपोआप ड्रमच्या जवळ सरकवणारी जोडणी, पण तिले कोणीतरी ढकला लागते. काहीत रिव्हर्समध्ये ब्रेक मारला की स्टार-व्हील (त्या जोडणीतलं दातेरी चाक) दातादातानं सरकते, काहीत हँडब्रेक ओढला की. तुमच्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकात नाहीच, तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांले ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागं शाफ्टवर आहे, म्हणजे तो प्रकार बाद. राहिला रिव्हर्सवाला, तं पावसाळ्यात पांदणीचा काळा गाळ ड्रममध्ये शिरते, वाळला की सिमेंटसारखा धरते अन् स्टार-व्हील जाम. बाहेरून काहीच दिसत नाही, पेडल दिवसेंदिवस जास्त खाली जात राहते अन् आपण आपले ऑटोमॅटिक आहे म्हणून निवांत. मंग ते सोडवाले ड्रम काढा लागते, अन् या गाडीचा मागचा ड्रम टेपर (निमुळत्या) शाफ्टवर घट्ट बसलेला, पुलर म्हणजे ओढून काढायच्या हत्याराशिवाय हलत नाही. त्यात डाव्या अन् उजव्या बाजूच्या स्टार-व्हीलच्या स्क्रूचे आटे उलटे असतात, जोडताना अदलाबदल झाली तं लायनर जवळ यायच्या ऐवजी दूर जाते.

आता मॅन्युअल पहा. प्लेटच्या मागून, ड्रम न काढता, फक्त पान्यानं काम होते. पुढच्या चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून दगड किंवा ठोकळा) लावा, मागचं चाक जॅकवर घ्या, हँडब्रेक सोडा, गाडी न्यूट्रलमध्ये. लॉकनट ढिला करून एका लायनरचा एक्सेंट्रिक (लायनरले ड्रमकडं ढकलणारा तिरकस बोल्ट) फिरवत जा अन् दुसऱ्या हातानं चाक फिरवत राहा, घासायला लागलं की थोडा मागं घ्या, चाक मोकळं फिरलं पाहिजे, मंग एक्सेंट्रिक धरून ठेवूनच लॉकनट आवळा नाहीतं तो सोबत फिरते. तसंच दुसऱ्या लायनरचं. खालच्या अँकर पिना (लायनरचं खालचं टोक ज्यावर टेकते त्या) नवीन लायनर टाकल्याशिवाय हलवू नका. झाल्यावर एक चक्कर मारून ड्रमले हळूच हात लावून पहा, एखादा जास्त गरम लागला तं त्या बाजूचा अजून थोडा ढिला करा.

पण त्याआधी पेडल पाहून घ्या. दोनतीनदा पंप केल्यावर वर येऊन कडक झालं तं ॲडजस्टमेंट पाहिजे, स्पंजासारखं लागलं तं हवा आहे, अन् दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असलं तं बहुतेक मास्टर सिलिंडर (पेडलनं ब्रेक ऑइल दाबणारा पंप) गेला. अन् ड्रम कधी उघडलाच तं कॉम्प्रेसरनं धूळ उडवू नका हो, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते, ओल्या फडक्यानं पुसा.

रोज डांबरी रोडवर चालणारी, कोणी वाकून न पाहणारी गाडी असती तं मी सेल्फच म्हटलं असतं. तुमची ती नाही. प्लेटांचे पैसे वाचतील ते ब्रेक ऑइल बदलाले, चाकांच्या सिलिंडरच्या किटा टाकाले अन् जुने पाइप बदलाले लावा, कारण या जीपले एकच सर्किट आहे, म्हणजे चारही चाकांचं ब्रेक ऑइल एकाच लाइनीत, चिखलदऱ्याच्या घाटात एक पाइप फुटला तं चारही चाकांचा ब्रेक एकदम जाते. दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवता येते का, हे मात्र मेकॅनिकले नक्की विचारा.